शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या घरात फिल्टर नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विषय काढला होता, तर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या लेकाला घराबाहेर काढायचं म्हणत होते. "पाणीवाल्याच्या घरात फिल्टर? लोक तोंडात शेण घालतील!" नवरा नुसता हसला. तो पाणीपुरवठ्यात आहे. तलावातून पाणी उचलायचं, गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचा आणि गावभर पाठवायचं, हे त्याचं काम. पाणी लांब जाता जाता क्लोरीन संपत जातो, म्हणून आमच्या बाजूच्या टेकडीवरच्या टाकीपाशी एक छोटा पंप परत थोडा क्लोरीन सोडतो. त्या पंपाच्या खोलीची किल्ली नवऱ्याच्या कमरेला. आणि त्या लाइनीवरचं सगळ्यात शेवटचं घर आमचं. आमच्यानंतर पाइप नाही, नुसती कुंपणाची भिंत आहे.

घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर. केस धुवायला एखादी मान मागे टाकून बसली की पहिलं वाक्य ठरलेलं. "अगं, काय हा वास! पोहायच्या तलावात आल्यासारखं वाटतंय." की लगेच आतून सासूबाईंचा आवाज. "वास आहे म्हणून जिवंत आहात! माझ्या लेकाचं पाणी आहे ते!" बायका हसायच्या. मी पण हसायचे, पण तोंड वळवून. सासूबाईंचे कान फार तिखट होते.

आता माझी ताई. माझी सख्खी थोरली बहीण. ती सरकारी कार्यालयात पिण्याच्या पाण्यावर संशोधन करते. लहानपणी आईनं दोघींना एकच खाऊ दिला तर ताई आधी तो मोजपट्टीनं मोजायची आणि मग मोठा तुकडा स्वतः घ्यायची. तशीच राहिली. तिनं एकदा आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तलावात पानं पडतात, कुजतात, त्यांचा अर्क पाण्यात उतरतो. मग क्लोरीन पडला की जंतू मरतात हे खरं, पण क्लोरीनची त्या अर्काशीही झटापट होते आणि त्यातून भलतंच काहीतरी तयार होतं. ते वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नाही. आणि क्लोरीन नि तो अर्क पाइपात जितका वेळ एकत्र राहतील तितकं ते वाढत जातं.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे नवराबायकोचंच की गं. चार दिवस भेटले तर गोड, जन्मभर एका पाइपात कोंडले की विष." ताईलाही हसू आवरलं नाही.

पण त्या दिवशी ताईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पाइपात जास्तीत जास्त वेळ राहिलेलं पाणी कुठे मिळेल? शेवटच्या नळाला. शेवटचा नळ कुणाच्या घरात? बहिणीच्या. झालं. दर मोसमाला ताई बर्फाचा डबा घेऊन यायची, आमच्या स्वयंपाकघरातला नळ सोडून द्यायची आणि मग अंगठ्याएवढ्या बाटल्या काठोकाठ भरायची. बाटली उलटी करून डोळ्यांसमोर धरायची. आत मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ओतून परत भरायची, कारण म्हणे तयार झालेलं ते सगळं त्या बुडबुड्यात पळून जातं. शेवटी एका काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकायची. पाण्यात क्लोरीन असला की ते गुलाबी होतं. आमचं नेहमी मस्त गुलाबी व्हायचं. सासूबाई तिला बाटलीवाली म्हणायच्या. "आली गं तुझी बाटलीवाली, नळ पुसून ठेव."

ताईची सक्त ताकीद होती, या नळाला फिल्टर लावायचा नाही, काही जोडायचं नाही. तिचा अभ्यास बिघडतो. म्हणजे फिल्टरला दोन्हीकडून बंदी. इकडे नवऱ्याची अब्रू, तिकडे बहिणीचा अभ्यास, आणि मध्ये मी पेला घेऊन उभी.

ताईच्या अभ्यासाला यश आलं. तिच्या कार्यालयानं नियम काढला, शेवटच्या नळाला ते भलतं द्रव्य अमुक मर्यादेच्या वर गेलं की पाणीपुरवठ्याची चौकशी. आमचा नळ पहिल्याच खेपेला वर गेला. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तो प्रमुखाच्या जागेसाठी पुढचा होता आणि परत वर गेला तर जागा हातची जाणार होती. खरा उपाय त्याला ठाऊक होता. क्लोरीन घालण्याआधी पानांचा तो अर्क काढून टाकायचा, त्यासाठी कोळशाची मोठी गाळणी बसवायची. तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "गाळणी-बिळणी विसरा. आकडा खाली आणा. कसा ते तुम्ही बघा."

त्याच सुमाराला सासूबाईंच्या लघवीतून रक्त गेलं. तपासण्या झाल्या. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर.

ताई भेटायला आली. जेवताना तिनं तोंड उघडलं. "आई, तुम्ही इथलं पाणी किती वर्षं पिताय?"

टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. नवऱ्यानं घास ताटात ठेवला. ताईला तेव्हा कुठे कळलं आपण काय बोललो. ती घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे एका माणसाचं असं सांगता येत नाही हं. हजारो लोकांचं पाहिलं तरच थोडंफार दिसतं."

"सांगता येत नाही तर बोललीस कशाला?" मी म्हटलं. माझं डोकं तडकलं होतं.

सासूबाईंनी टेबलावर हात आपटला. "माझं पोर मला विष पाजेल? बाटलीवाले, तुझी अक्कल बाटलीतच राहिली का गं?" त्या उठल्या, नळाखाली पेला धरला आणि ताईकडे बघत बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. त्या दिवसापासून त्यांनी हट्टच धरला. पाणी नळाचंच, नळाखाली धरलेलं, दुसरं चालणार नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आईच्या प्रेमानं आलं असेल. असेलही.

केमो सुरू झाली आणि लागूही पडली. डॉक्टरीणबाई खूश होत्या. म्हणाल्या, गाठ चांगली आक्रसतेय, आजी अजून बरीच वर्षं तुमचं डोकं खाणार आहेत. फक्त औषधानं अंगातली ताकद उतरलीय, साधा जंतूसुद्धा झेपायचा नाही. पाणी उकळूनच द्या.

मी उकळलं. गार करून, गुपचूप त्यांच्या पेल्यात ओतून दिलं. एक घोट घेतला आणि फुर्रकन बेसिनमध्ये थुंकल्या. "मेलेलं पाणी पाजतेस? याला वास कुठाय?" क्लोरीन उकळल्यावर उडतो, त्यांना ते जिभेवरच कळायचं. मी नवऱ्याला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. तो म्हणाला, "पिऊ दे गं तिला. माझ्या पाण्यात जंतू कुठून येणार? क्लोरीन आहे ना त्यात." तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. वास होता तोवर मलाही घोर नव्हता.

मग एके दिवशी वास गेला.

पहिल्यांदा पार्लरमध्ये लक्षात आलं. कडेवरच्या तान्ह्याला सासूकडे ठेवून येणारी एक शेजारीण आहे. ती बेसिनवर मान टाकून पडली आणि म्हणाली, "अय्या, आज वासच नाही! तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून शाबासकी दे." मी संध्याकाळी दिली. नवरा म्हणाला, नवीन पद्धत सुरू केलीय. एवढंच बोलला आणि टीव्हीकडे बघत राहिला.

सासूबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "परत उकळलंस! मला फसवतेस? माझ्या तोंडावर खोटं बोलतेस?" मी शपथा घेतल्या. त्यांचा विश्वास बसेना. स्वतः उठून नळाला तोंड लावलं. प्यायल्या, थांबल्या, परत प्यायल्या. "नळालाच नाही की वास," त्या म्हणाल्या. "काय रे, काय झालं तुझ्या पाण्याला?"

"सुधारलंय, आई," नवरा म्हणाला. "ताईंच्या नियमानं सुधारलंय."

"बघ!" त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या बहिणीला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते माझ्या पोरानं केलं." आणि आनंदानं आणखी एक पेला प्यायल्या.

नवरा माझ्यामागे लागला, ताईला फोन कर, नमुने घ्यायला कधी येतेय विचार. मी फोन केला. ताई म्हणाली, परिषदेला जायचंय, पुढच्या आठवड्यात येते. नवरा भडकला. "पुढच्या आठवड्यात? तिला म्हणावं लवकर ये!" मी चिडवलं, "काय रे, मेहुणीची एवढी आठवण?" एरवी तो अशा वेळी दोन शब्द परत टाकतो. त्या दिवशी तो उठून बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात ताई आली. नळ सोडला, बाटल्या भरल्या. एका बाटलीत बुडबुडा राहिला, ती ओतून परत भरली. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकली. मी शेजारीच भांडी पुसत होते. गोळी विरघळली. पाणी पांढरंच राहिलं. ताईनं नळी हलवली. पांढरंच. तिनं नळीकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. तो पंख्याकडे बघत होता. ताईनं नळी बेसिनमध्ये ओतली, विसळली, पिशवीत ठेवली.

"छान वाटतंय हो पाणी, जावईबापू," ती म्हणाली. "आकडा खाली येणार असं दिसतंय."

सासूबाईंना त्याच दिवशी जुलाब सुरू झाले. आधी आम्हाला वाटलं, केमोचं असेल. मग ताप चढला. त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा शेजारणीचं तान्हंही तिथंच होतं, त्याचंही पोट बिघडलेलं. आमच्या गल्लीत घरोघरी तेच चाललं होतं. लोक म्हणत होते, हवा बदललीय.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला. "पाणी कुठलं देत होतात?"

मी तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, "उकळलेलं. घरात उकळूनच देतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. खाटेवर सासूबाई डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्या तशाच, डोळे न उघडता म्हणाल्या, "हो. उकळलेलंच."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "उकळी फुटली की लगेच उतरवत असाल. चांगलं खळखळू द्यायचं असतं. एवढं साधं काम होतं हो." नर्सनंही माझ्याकडे पाहिलं. नवरा पलंगाच्या दांड्यावर हात ठेवून खाली बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती बाई मरणाच्या दारात पडलेली, तिच्यासमोर काय तमाशा करणार? मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी डबा करायला घरी आले तर पार्लरच्या दारात एक जुनी गिऱ्हाईक उभी. म्हटलं, चल, पटकन धुऊन देते. मान मागे टाकली आणि ती म्हणाली, "आला बाई परत तुमचा वास!" माझ्या हातातून शॉवर सुटला. ताई बाटल्या घेऊन गेली आणि वास परत आला. ती यायच्या आधी गेला होता. मी तिचे केस तसेच ओले ठेवून नवऱ्याला फोन लावला.

"टेकडीवरचा पंप बंद ठेवला होतास?"

तो म्हणाला, "दोनच दिवस ठेवायचा होता. तुझ्या बहिणीनं आठवडा लावला."

"तुझी आई मरतेय रे!"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "इथं माणसं आहेत."

सासूबाईंपाशी मी एकटीच होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर उरला नव्हता. "वास नव्हता ना गं त्याला," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना माहीत होतं. मी मान हलवली. "बोलू नकोस कुठे. त्याची जागा जाईल. शब्द दे." मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. "सूनबाई, शब्द दे." त्या सूनबाईत एरवीचा तोरा नव्हता, नुसती विनवणी होती. जी बाई आयुष्यभर माझ्याशी आवाज चढवूनच बोलली, ती माझी विनवणी करत होती. मी दिला शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. कॅन्सर होताच, तेव्हा कुणी फार काही विचारलं नाही. नातेवाईक मला एवढंच म्हणाले, "जरा नीट उकळायला हवं होतंस."

ताई आली, माझ्या गळ्यात पडून रडली. खरं रडली, मी खोटं कशाला सांगू. नवराही रडला. मग दोघांनी नाकं पुसली आणि नवरा हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, रिपोर्ट?"

"मर्यादेच्या बराच आत," ताई म्हणाली.

"नळी गुलाबी का नाही झाली गं, ताई?" मी विचारलं.

ती दचकली. "गोळ्या जुन्या झाल्या की होतं तसं. आणि जंतूंचं खातं वेगळं आहे, ते माझ्याकडे येत नाही."

"मोहरीएवढा बुडबुडा चालत नाही तुला. आणि पांढरी नळी चालली?"

मग जुंपली दोघांची. तो म्हणाला, तुमच्या नियमापायी हे झालं. ती म्हणाली, मी क्लोरीन बंद करायला सांगितलं नव्हतं, पानांचा अर्क काढायला सांगितलं होतं. तो म्हणाला, पंप बंद आहे हे तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही नमुना नेलात. ती म्हणाली, आणि तुम्ही तो नेऊ दिलात. तेवढं बोलून दोघं एकदम थांबली. एकाला बुडवायचं तर दुसऱ्यानं बुडायला हवं होतं, हे दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं असावं.

"आता बाहेर बोलून आई परत येणार आहे का?" नवरा म्हणाला.

"आणि आकडा काही खोटा नाही," ताई म्हणाली. "पाण्यात तेवढंच होतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वेडे, त्यांना कॅन्सर होता गं." मी तो हात झटकला. माझी बहीण म्हणायची लाज वाटली मला तेव्हा, आणि आजही वाटते.

नवऱ्याला जागा मिळाली. ताईच्या शेवटच्या नळावरचा लेख मोठ्या परिषदेत वाचला गेला, नियमामुळे पाणी कसं सुधारलं याचं उदाहरण म्हणून. मी शब्दाला बांधलेली. आमच्या दोघांपुरतं पाणी मी दणदणीत खळखळवून उकळू लागले. नवरा मुकाट्यानं प्यायचा. पाणीवाल्याची अब्रू वगैरे भाषा आईबरोबरच गेली.

मोसम पालटला. काल सकाळी ती शेजारीण आली. तान्हं वाचलंय तिचं, आता रांगतं. बेसिनवर मान टाकली आणि म्हणाली, "अय्या, वास गेला बघ परत!"

माझे हात तिच्या केसांत तसेच राहिले. परत. याला आई मेल्याचंही काही नाही. नवरा आतच होता, सुट्टी घेऊन. म्हटलं सुट्टी कसली, तर दारात ताई उभी, हातात बर्फाचा डबा. या खेपेला ती तारखेवर आली होती, एवढीच सुधारणा. दोघं पार्लरला लागूनच्या खोलीत, मधल्या पडद्याशेजारी बसली. हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. पडद्याच्या अलीकडे तीन बायका होत्या, एकीचे केस ओले, एकीच्या डोक्याला मेंदी, आणि ती शेजारीण, मांडीवर पोर घेऊन.

मी स्वयंपाकघरात गेले. दोन पेले घेतले, धुतले, नळाखाली धरून भरले. ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेले. जाता जाता पार्लरचा पडदा पूर्ण बाजूला सारला.

"घे ताई, उन्हातून आलीस. तू पण घे."

ताईनं पेला उचलला आणि हातातच धरून ठेवला. नवऱ्यानंही उचलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ट्रे छातीशी धरून उभी राहिले. सासूबाईंना दिलेला शब्द मी मोडला नाही, तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

नवऱ्यानं पेला ओठांपर्यंत नेला, नाकाशी थांबवला आणि तसाच खाली आणला.

"उकळलंय का?" त्यानं विचारलं.

पडद्यापलीकडची बडबड थांबली. शेजारणीनं पोराला छातीशी घेतलं आणि ती उठून उभी राहिली.

"का हो?" ती म्हणाली. "उकळायला हवं का?"